आधी दिवा, मग पडदा, बाहुल्या शेवटी: घरच्या सावल्यांच्या खेळाची पूर्ण कृती

चार दिवस खपून वाघ कातरलेला असतो, दारात चादर बांधलेली असते, मुलं सतरंजीवर येऊन बसलेली असतात. दिवे मालवले की दिसतं काय, तर मधोमध बल्बचा झगझगीत गोळा, त्याच्या शेजारी एक करडा डाग, आणि त्या डागाला खालून धरलेला एक अवाढव्य पंजा. तो पंजा वाघाचा नसतो, बाबांचा असतो. पाचव्या मिनिटाला पहिलं मूल उठून पडद्यामागे जातं आणि तिथेच खेळ संपतो.

बाहुल्या वाईट नव्हत्या. क्रम उलटा होता. बहुतेक लोक बाहुल्यांपासून सुरुवात करतात आणि दिव्याचा विचार खेळाच्या दिवशी संध्याकाळी करतात. सावली दिव्यामुळे पडते, म्हणून दिव्याची जागा आधी ठरते. तिच्यावरून पडदा, पडद्यावरून बाहुलीचं माप आणि मापावरून काडी. खालचे टप्पे याच क्रमाने करा.

मापं ३ ते ७ वर्षांच्या आठ-दहा मुलांसाठी आणि पडद्यामागे दोन मोठ्या माणसांसाठी दिली आहेत. एक संध्याकाळ दिवा-पडद्याला, दोन बाहुल्यांना, एक तालमीला. एवढा वेळ नसेल तर बाहुल्या कमी करा, तालीम कापू नका.

## काय गोळा करायचं

पांढरी सुती चादर किंवा पॉपलिनचं कापड, साधारण साडेतीन फूट बाय अडीच फूट. दोन जाड गडद चादरी (सोलापुरी चादर उत्तम, तिच्यातून उजेड झिरपत नाही). पाऊण इंची पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे, दाराच्या रुंदीएवढे. ९ वॅटचा साधा दुधी एलईडी बल्ब, होल्डर, लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड. बल्बभोवती चारही बाजूंनी तीन-चार इंच मोकळे राहतील एवढा पुठ्ठ्याचा खोका, म्हणजे मिक्सरच्या मापाचा. बाहुल्यांसाठी मिठाईचे खोके किंवा जुन्या लग्नपत्रिका. पत्रिकेचा कागद ताठ असतो आणि कातरीने सरळ कापला जातो, त्यामुळे दुकानातल्या कार्डशीटपेक्षा अनेकदा बरा. खराट्याच्या जाडसर काड्या, जाड दोरा, मास्किंग टेप, कातर, कटर, थोडा जिलेटिन पेपर.

पणती, मेणबत्ती किंवा जुना हॅलोजन आणू नका. ज्योतीची हलती सावली छान दिसते हे खरं, पण इथे हातभर अंतरावर सुती कापड आहे, पुठ्ठा आहे आणि खेळ संपताच मागे धावत येणारी मुलं आहेत.

## टप्पा १: जागा आणि अंधार

दोन खोल्यांमधलं दार ही सगळ्यात सोयीची जागा. चौकट तयार असते आणि पडद्यामागची खोली आपोआप वेगळी होते. मागच्या खोलीत दारापासून निदान पाच फूट मोकळी जागा हवी, पुढच्या खोलीत दहा-अकरा फूट.

अंधार पूर्ण नको, पण पुढच्या खोलीतला कुठलाही उजेड पडद्यावर पडता कामा नये. पडद्यावर पुढून पडलेला उजेड सावलीत मिसळतो आणि काळी सावली करडी होते. रस्त्यावरच्या दिव्याची खिडकी, देवघरातला दिवा, फ्रीजवरचा आकडा, सगळं तपासा. उन्हाळ्यात साडेसातच्या आत सुरू करू नका, मे महिन्यात सातला बाहेर चांगला उजेड असतो. झिरोचा एक बल्ब मात्र मुलांच्या पाठीमागे, खाली, भिंतीकडे तोंड करून लावून ठेवा. तीन वर्षांच्या मुलाला काळोखात वाघ दाखवायचा असेल तर त्याला शेजारी बसलेली आई दिसली पाहिजे.

## टप्पा २: दिवा

इथे घाई करू नका. एकूण चुकांपैकी निम्म्या या एका टप्प्यात होतात.

कोणता दिवा. सावलीची कड किती स्पष्ट येईल हे उजेडाचा उगम किती मोठा आहे यावर ठरतं. हिशेब सोपा आहे: दिव्याची रुंदी गुणिले बाहुलीचं पडद्यापासूनचं अंतर, भागिले बाहुलीचं दिव्यापासूनचं अंतर. दुधी बल्ब साधारण ६ सेंमी रुंद. दिवा पडद्यापासून १२० सेंमी मागे आणि बाहुली पडद्यापासून ५ सेंमी असेल तर कड अडीच मिलिमीटर पुसट होते. दोन मीटरवरून ती जाणवतही नाही. तीच बाहुली ३० सेंमी मागे धरली तर कड २ सेंमी पुसट, म्हणजे वाघाच्या मिशा गेल्या, कान गेले, बटाटा उरला. चार फुटी ट्यूबलाइट वापरली तर बाहुली ५ सेंमीवर असतानाही ट्यूबच्या दिशेने कड ५ सेंमी पसरते. म्हणून ट्यूब नको, चौकोनी पॅनेल नको, दोन बल्ब तर मुळीच नकोत. दोन बल्ब म्हणजे प्रत्येक बाहुलीच्या दोन सावल्या. पारदर्शक काचेतून तारा दिसणारे सजावटीचे बल्बही टाळा, प्रत्येक तार आपली वेगळी सावली पाडते.

मोबाइलचा टॉर्च? तो बल्बपेक्षा कितीतरी लहान, म्हणून सावली कोरल्यासारखी येते. पण उजेड कमी पडतो, आणि काही फोनमध्ये दोन एलईडी शेजारी शेजारी असतात, मग कड दुहेरी येते. त्याहून मोठी अडचण म्हणजे टॉर्चमध्ये काड्याही तेवढ्याच स्पष्ट दिसतात. बल्बच्या किंचित पसरट उजेडात पडद्यापासून दूर गेलेली बारीक काडी आपोआप विरून जाते. काड्यांच्या बाहुल्यांसाठी बल्ब, हाताच्या बोटांनी ससा-कुत्रा करायचा असेल तर टॉर्च.

कुठे लावायचा. तीन आकडे लक्षात ठेवा: सात, चार, सात. दिवा जमिनीपासून ७ फूट उंच, पडद्याच्या ४ फूट मागे, आणि मुलांची पहिली रांग पडद्याच्या ७ फूट पुढे.

उंची एवढी का, याचं कारण नीट समजून घ्या, म्हणजे तुमच्या खोलीत आकडे थोडे बदलावे लागले तरी गडबड होणार नाही. पडदा जमिनीपासून ३ ते ५ फुटांच्या पट्ट्यात असेल. खाली बसलेल्या मुलाचे डोळे साधारण २ फुटांवर असतात. सात फुटांवरून त्या डोळ्यांतून पडद्याच्या वरच्या कडेला लावलेली रेघ पुढे चार फूट वाढवली तर ती पावणेसात फुटांच्या किंचित खाली पोचते. दिवा त्या रेघेच्या वर असला की मुलाला बल्बचा गोळा दिसत नाही, नुसता उजळलेला पडदा दिसतो. मूल चार फुटांवर येऊन बसलं की ती रेघ दिव्याच्या वर निघून जाते आणि गोळा पडद्यात उगवतो.

दुसरा फायदा त्याहून मोठा. उंचावरून येणारा उजेड हाताची सावली खाली ढकलतो. हात पडद्याच्या ९ इंच मागे आणि जमिनीपासून साडेतीन फुटांवर असेल तर त्याची सावली अडीच-पावणेतीन फुटांवर, म्हणजे पडद्याच्या खालच्या कडेखाली पडते. दिसतच नाही. हाच दिवा टेबलावर तीन फुटांवर ठेवला तर हाताची सावली वर चढते. सुरुवातीला सांगितलेला बाबांचा पंजा असाच येतो.

दिवा कपाटाच्या वर, खिडकीच्या गजाला किंवा घोड्यावर (घडीच्या शिडीवर) बांधा. वायर जमिनीला टेपने चिकटवा.

खोका. बल्ब उघडा ठेवला तर छत आणि भिंती उजळतात आणि तो उजेड परत पडद्यावर येऊन सावल्या फिक्या करतो. बल्ब खोक्यात बसवा, पडद्याकडची बाजू उघडी, मागच्या बाजूला हवा जायला खिडकी कापलेली. खोक्याला आतून काळा कागद लावा. ‘उजेड वाढेल’ म्हणून आतून चांदीचा कागद लावणारे बरेच असतात. त्याने होतं एवढंच की सहा सेंमीचा बल्ब फूटभर रुंदीचा दिवा बनतो, आणि वरच्या हिशेबाचं काय होतं ते तुम्हीच करून पाहा.

सावधान: बल्ब आणि पुठ्ठा यांच्यात सगळीकडे तीन-चार इंच मोकळी जागा राहू द्या. दिवा अर्धा तास लावून खोक्याला हात लावून पाहा. कोमट ठीक, चटका नको.

## टप्पा ३: पडदा

कापड सुती, पांढरं, मध्यम विणीचं. मलमल फार विरळ, तिच्यातून मागचं सगळं दिसतं. टेरिकॉट आणि सॅटिन चमकतात. जुनी, पुष्कळदा धुतलेली चादर नव्यापेक्षा चांगली, फक्त तेलाचा डाग नसावा. तेलकट जागा उजेडात चक्क उजळ ठिपका म्हणून दिसते.

कापडाला वर आणि खाली नेफा शिवा आणि त्यांत पाइपचे तुकडे घाला. खालच्या पाइपमध्ये वाळू भरून दोन्ही तोंडं टेपने बंद करा, त्या वजनाने पडदा ताणला जातो. वरचा पाइप चौकटीला असा बांधा की पडद्याची वरची कड ५ फुटांवर आणि खालची ३ फुटांवर येईल. बाजू मास्किंग टेपने चौकटीला चिकटवा, आधी दोन्हीकडे मध्यभागी, मग वर-खाली सरकत. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर मधे हमखास चुणी राहते. इस्त्री बांधण्याआधीच करून घ्या.

आता पडद्याखालचे तीन फूट आणि वरचे दोन फूट गडद चादरींनी बंद करा. खालचा भाग सगळे झाकतात, वरचा विसरतात, आणि मग सात फुटांवरचा दिवा पडद्याच्या वरून थेट मुलांच्या डोळ्यांत येतो.

पंखा बंद. पडदा हलला की बाहुलीचं पडद्यापासूनचं अंतर बदलत राहतं आणि सावली श्वास घेतल्यासारखी फुगते-आटते. उकडत असेल तर खेळाआधी खोली थंड करून घ्या.

तपासणी (बाहुली कापण्याआधी). मागे दिवा लावा. एकाने जमिनीवर बसून पुठ्ठ्याचा कुठलाही तुकडा काडीला लावून पडद्याला टेकवावा. दुसऱ्याने सात फुटांवर बसून डोकं मुलाच्या उंचीला वाकवून पाहावं. चार गोष्टी: गोळा दिसतो का, हात दिसतो का, तुकड्याची कड स्पष्ट आहे का, चारही कोपरे उजळ आहेत का. वरची बाजू खालच्यापेक्षा उजळ असणारच, कारण ती दिव्याला जवळ आहे. डोळ्याला ते खटकत नाही. पहिल्या तिन्हींपैकी एक जरी चुकलं तरी पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: गोष्ट

लहान मुलांच्या सावल्यांच्या खेळात एका वेळी पडद्यावर दोनच पात्रं असावीत, फार तर तीन. जागा कधी बदलली हे मुलांना पटकन कळत नाही, म्हणून प्रसंग चार-पाचच. आणि मुलांना सोबत म्हणता येईल अशी एक ओळ परत परत यावी. तीन-चार वर्षांच्यांसाठी आठ ते दहा मिनिटं पुरे, पाच ते सातच्यांसाठी पंधरा. त्यापुढे ताणू नका.

म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट या सगळ्यात चपखल बसते. लेकीकडे निघालेली लुकडी म्हातारी, वाटेत एकेक जनावर, परत येताना जाडजूड म्हातारी आणि टुणुक टुणुक जाणारा भोपळा. वाघ आणि अस्वल अशी दोन जनावरं पुरतात. लागतात फक्त सहा आकार: बारीक म्हातारी, जाड म्हातारी, वाघ, अस्वल, भोपळा, आणि लेकीचं घर. वाघ-अस्वलाच्या उलट तोंडाच्या जोड्या धरून बाहुल्या आठ.

म्हातारी जाड करायला तीच बाहुली दिव्याकडे नेऊन सावली मोठी करावी, हा मोह होतो. दिवा आणि पडदा यांच्या बरोबर मधे बाहुली नेली की सावली दुप्पट होते हे खरं. पण सहा सेंमीच्या बल्बला तिथे कडही सहा सेंमी पुसट होते. म्हातारी जाड होत नाही, विरघळते. दुसरी बाहुली कापा.

कोण कुठून येतं हे कागदावर लिहून घ्या, आणि लिहिताना ‘डावीकडून-उजवीकडून’ लिहू नका. तुमचं डावं ते मुलांचं उजवं, आणि ऐन वेळी दोघांचा गोंधळ होतो. ‘खिडकीकडून’, ‘कपाटाकडून’ असं लिहा.

## टप्पा ५: बाहुल्या

पडदा दोन फूट उंच, म्हणून मोठी जनावरं ८ ते ९ इंच, म्हातारी ७, भोपळा ६ इंच व्यासाचा. चार इंचांखालची बाहुली मागच्या रांगेला ओळखू येत नाही. सगळी पात्रं एका बाजूने बघणारी काढा. समोरून काढलेला चेहरा सावलीत नुसता गोल दिसतो.

सावलीत फक्त बाह्यरेषा बोलते. म्हातारी म्हणजे पाठीचा बाक, अंबाडा, काठी. अस्वल म्हणजे झुपकेदार पाठ आणि लांबट तोंड. वाघ म्हणजे उचललेली शेपटी आणि अंगावर कापलेले चार-पाच तिरके पट्टे. आतले तपशील पेनने काढून काही उपयोग नाही, कापले तरच दिसतात. ओळखीची परीक्षा अशी: कापलेली बाहुली खिडकीच्या काचेवर धरा आणि घरातल्या कुणाला काही न सांगता विचारा. ‘कुत्रा का?’ असं उत्तर आलं तर शेपटी आणि कान बदला, पट्टे वाढवू नका.

कापताना आधी आतली भोकं, मग बाहेरची रेघ. पूर्ण कागद हातात असताना तो डगमगत नाही, बाहुली सुटी झाल्यावर आतलं कापायला गेलात तर पाय दुमडतात. कातर जागेवर ठेवा, कागद फिरवा. डोळ्याचं भोक ५-६ मिमी हवं, त्याहून लहान असेल तर बाहुली आंधळी दिसते. शेपटी, चोच, काठी असे बारीक भाग एक सेंमीपेक्षा अरुंद ठेवू नका. पावसाळी हवेत पुठ्ठा ओलावतो आणि नेमके हेच भाग वाकतात. वाकलेला भाग पडद्यापासून सुटतो आणि पुसट होतो.

हलणारा सांधा एका बाहुलीला एकच. म्हातारीचा काठीचा हात, वाघाचा जबडा. दोन सांधे म्हणजे दोन जादा काड्या, आणि तुम्हाला हात दोनच आहेत. दोन्ही भाग निदान एक सेंमी एकमेकांवर येऊ द्या, सुईने जाड दोरा ओवा, दोन्ही बाजूंना गाठ मारा. उचलल्यावर हात स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. अडकत असेल तर गाठ सैल करा.

रंग हवा असेल तर दोन वाटा. पहिली, खिडकी कापून मागून जिलेटिन पेपर चिकटवणं. पिवळा आणि लाल छान उजळतात. निळा व गडद हिरवा बराच उजेड खातात, लांबून काळेच वाटतात. दुसरी, ड्रॉइंग पेपरवर पाण्याच्या शाईच्या स्केचपेनने रंगवून मागून कापसाने तेल चोळणं. तेल कागदाच्या तंतूंमधल्या पोकळ्या भरतं, त्यामुळे उजेड आरपार येतो. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलाकारांच्या चामड्याच्या बाहुल्या रंगीत दिसतात त्याही चामडं पातळ आणि उजेड आत घेणारं असतं म्हणूनच. तेल लावलेली बाहुली वर्तमानपत्राच्या घड्यांत रात्रभर दाबून ठेवा. ओली पडद्याला टेकवली तर मघाशी सांगितलेला उजळ ठिपका पडद्यावर कायमचा. मेणाचे किंवा तेलाचे खडू इथे चालत नाहीत, तेल लागताच फिसकटतात.

भोपळ्याची गंमत वेगळी. त्याला फिरायचं असतं. सहा इंचांचा गोल कापा, शीतपेयाच्या बाटलीचं झाकण मागच्या बाजूला बरोबर मध्यभागी चिकटवा. झाकणात एम-सील भरून त्यात काडी काटकोनात सरळ उभी रोवा आणि रात्रभर हलवू नका. आता काडी दोन बोटांत फिरवली की भोपळा फिरतो. तो पडद्याच्या खालच्या कडेजवळ फिरत असल्यामुळे काडीची सावली आधी भोपळ्याच्याच सावलीत आणि मग जमिनीच्या पट्टीत लपते. भोपळ्याला पिवळ्या जिलेटिनची खिडकी कापून आत म्हातारीचं डोकं ठेवलंत तर ते प्रत्येक फेरीला उलटं होईल. दुरुस्त करू नका, मुलं हसतात ती त्यालाच.

एक दिशा सगळेच विसरतात. म्हातारी जाताना जिकडे बघते, येताना उलटीकडे बघायला हवी. तीच बाहुली वापरली तर ती परतीच्या वाटेवर उलटी चालत येते. इथे जाड म्हातारी मुळात वेगळी आहे, तेव्हा ती उलट्या तोंडाची कापा. वाघ आणि अस्वल जागचे हलत नाहीत, पण परतीच्या भोपळ्याकडे त्यांना बघायचं असतं. त्यांच्या उलट तोंडाच्या जोड्या करा.

## टप्पा ६: काड्या आणि जमीन

काडी १५-१६ इंचांची. बाहुलीच्या कमरेला एक सेंमी अंतरावर दोन भोकं पाडा, दोरा ओवून काडीच्या टोकाभोवती तीन-चार वेढे द्या, गाठीवर फेव्हिकॉलचा थेंब टाका. काडी घट्ट चिकटवायची नाही, दोऱ्यावर वर-खाली डुलली पाहिजे. तरच बाहुली पडद्याला सपाट टेकते आणि काडी तिरकी मागे-खाली येते. सेलोटेपने चिकटवलेली काडी दमट हवेत दुसऱ्या खेळाला सुटते, आणि ताठ असल्यामुळे बाहुलीचं एक टोक कायम पडद्यापासून दूर राहतं.

पडद्याच्या खालच्या कडेला आतून दोन इंच उंच पुठ्ठ्याची पट्टी लावा. ती जमीन. तिच्यामुळे पात्रांचे पाय एका रेघेत राहतात, नाहीतर वाघ हवेत आणि म्हातारी पाताळात. झाड-घर पडद्याच्या एका कडेलाच. सगळं नेपथ्य मिळून पाव पडद्यापेक्षा जास्त जागा व्यापत असेल तर कमी करा. नेपथ्य टाचण्यांनी लावलंत तर टाचण्या लावताना मोजा, काढताना परत मोजा.

## टप्पा ७: तालीम

दोनदा संपूर्ण, दिवा लावून, बोलत. बोलणं रेकॉर्ड करून लावू नका. मूल मधेच ‘वाघ कुठे गेला?’ विचारतं, आणि वाघाला उत्तर देता आलं पाहिजे.

तालमीत तीनच गोष्टी अंगात भिनवायच्या.

१. जो बोलतो तोच हलतो. दुसरा गप्प उभा. सावलीला ओठ नाहीत, म्हणून हालचालीवरूनच मुलांना कळतं की आता कोण बोलतंय. दोन्ही बाहुल्या सतत थरथरवल्या तर सगळा संवाद वाया.

२. बाहुली कायम पडद्याला टेकलेली. चालताना लहान लहान उड्या, पडद्यावरून घसरत नेऊ नका.

३. पात्र बाहेर जातं ते बाजूने किंवा खाली, मागे ओढून नाही. मागे ओढलं की ते क्षणभर प्रचंड फुगून धूसर होतं. भूत हवं असेल तरच करा.

तपासणी. मुलांच्या जागेवर दोन फूट उंचीवर मोबाइल ठेवून एक प्रसंग चित्रित करा. व्हिडिओ आवाज बंद करून पाहा. कोण बोलतंय ते कळलं का? मग पडदा न पाहता नुसता आवाज ऐका. मागच्या खोलीतून चादरींमागून येणारा आवाज आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच दबतो. हनुवटी वर करून, सावकाश बोला.

बाहुल्या जमिनीवर प्रवेशाच्या क्रमाने मांडा, प्रत्येकाच्या आपापल्या हाताला. वापरून झालेली बाहुली दुसऱ्या बाजूला टाका. मांडीवर ढीग करणाऱ्याला अस्वल वेळेवर सापडत नाही.

## टप्पा ८: खेळाचा दिवस

जमिनीवर सात फुटांवर टेपची पट्टी लावा आणि मुलांना ती ‘नदी’ म्हणून सांगा. ‘इथून पुढे येऊ नका’ पेक्षा नदी जास्त टिकते. सर्वांत लहान मुलं कडेला, मोठ्या माणसाशेजारी. मधोमध बसवली आणि एखादं रडलं तर त्याला उचलून नेताना सगळे उठतात.

दिवे मालवण्याआधी, भर उजेडात, वाघ आणि अस्वल मुलांच्या हातात द्या. हा पुठ्ठ्याचा आहे, याला काडी आहे. काहींना वाटतं की त्याने जादू जाते. जात नाही. अंधारात तोच वाघ आला की मुलं त्याला ओळखतात आणि घाबरणारं मूल ‘तो पुठ्ठ्याचा आहे’ असं शेजारच्याला सांगतं. वाघाची डरकाळी पहिल्यांदा हळू, मुलांचे चेहरे कसे आहेत ते एकाने फटीतून पाहून मग मोठी.

परत येणारी ओळ पहिल्यांदा तुम्ही म्हणा, दुसऱ्यांदा शेवटचा शब्द गाळून थांबा. तिसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

मधेच बल्ब गेला किंवा वीज गेली तर पडदा सोडून पुढे येऊ नका. गोष्ट आवाजावर चालू ठेवा, दुसऱ्याने मोबाइलचा टॉर्च खोक्याच्या तोंडाशी धरावा. टॉर्च वर, दिव्याच्याच जागी. घाईत तो छातीशी धरला जातो आणि हात पुन्हा पडद्यावर येतात.

खेळ संपल्यावर दोन-दोन मुलांना मागे येऊ द्या, आधी बल्ब बंद करून खोका बाजूला नेऊन. मग टॉर्च एका ठिकाणी टेकवून त्यांना स्वतः बाहुल्या धरू द्या. भोपळ्याची काडी सगळ्यात आधी मोडते, एक जादा भोपळा तयार ठेवा.

बाहुल्या काड्या सोडवून जुन्या कॅलेंडरच्या पानांत सपाट ठेवा, वर जड पुस्तकं. तेल लावलेल्या वेगळ्या, नाहीतर बाकीच्यांना डाग पडतात. काड्या दोऱ्याने एकत्र बांधून त्याच पिशवीत. पडदा घडी न घालता खालच्या पाइपवर गुंडाळून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी इस्त्री वाचते.